तळ्यात सोळा तास, मग इंग्लिश खाडी : आरती साहाची तयारी

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या गावोगावच्या मुला-मुलींना आरती साहा हे नाव एका ओळीपुरतं पाठ असतं. इंग्लिश खाडी पोहून पार करणारी पहिली भारतीय आणि पहिली आशियाई महिला, साल १९५९. प्रश्न आला की गोल काळा करायचा, गुण घ्यायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचं.

त्या एका ओळीत दोन गोष्टी येत नाहीत. एक म्हणजे ही खाडी तिनं पहिल्या झटक्यात पार केलेली नाही. पहिल्या वेळी चौदा तासांहून जास्त पोहून, इंग्लंडचा किनारा टप्प्यात आलेला असताना तिला पाण्याबाहेर यावं लागलं होतं. दुसरी म्हणजे समुद्राची ही तयारी तिनं बऱ्याच अंशी समुद्रात केलीच नव्हती. कोलकाता शहरातल्या एका बागेतलं तळं, त्यात तिनं तासन्‌तास काढले होते. ज्यांच्या गावाला फक्त विहीर, पाझर तलाव नाहीतर धरणाचं बॅकवॉटर आहे, त्यांनी ही गोष्ट जरा सावकाश वाचावी.

घाटावरची पोर

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० चा, कोलकात्याचा. वडील पांचुगोपाल साहा सैन्यदलात साध्या नोकरीवर होते. घर मध्यमवर्गीय, म्हणजे खाऊनपिऊन बरं, पण हात राखून खर्च करणारं. आरती अडीच वर्षांची असताना आई वारली. तीन लेकरांना एका जागी सांभाळणारं कुणी नव्हतं. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण भारती मामाच्या घरी गेली, आरती उत्तर कोलकात्यात आजीजवळ राहिली. आईविना पोर आजीच्या पदराखाली वाढणं आपल्याकडे नवं नाही.

तिकडे गंगेच्या घाटावर आंघोळीला जायची रीत. आरतीचे काका चंपातला घाटावर जायचे, त्यांच्याबरोबर चार वर्षांची आरतीही जायची. पोहायला ती तिथंच शिकली. कोलकात्यातली गंगा, जिला हुगळी म्हणतात, ती आपल्या नद्यांसारखी एकाच दिशेला वाहत नाही. समुद्राची भरती तिथवर चढते, आणि दिवसातून पाणी कधी खाली तर कधी वर ओढ घेतं. अशा पाण्यात पोराला हातपाय मारायला शिकवायचं म्हणजे काठावर बसून डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

पोरगी पाण्याबाहेर यायला तयार नसते हे वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला हटखोला स्विमिंग क्लबमध्ये घातलं. तिथं सचिन नाग यांची नजर तिच्यावर पडली. हेच सचिन नाग पुढे १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत १०० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकले. असा माणूस शिकवायला मिळणं हे त्या पोरीचं नशीब. १९४६ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, ११० यार्डांच्या शर्यतीत तिनं सोनं जिंकलं. पुढच्या पाच वर्षांत बंगालमधल्या राज्य पातळीच्या २२ स्पर्धा तिच्या नावावर जमा झाल्या.

मुंबई, मग हेलसिंकी

१९४८ ची राष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाली. त्यात तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य पदक नेलं. वय ध्यानात घ्या, सात-आठ वर्षं. त्या काळात देशात पोहण्यात मुंबईच्या डॉली नाझीरचा दबदबा होता आणि आरती तिच्यामागे दुसरी असायची. १९५१ मध्ये बंगालच्या राज्य स्पर्धेत आरतीनं १०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोक १ मिनिट ३७.६ सेकंदांत मारला आणि डॉलीचा अखिल भारतीय विक्रम मोडला. ब्रेस्ट स्ट्रोक म्हणजे बेडकासारखे हातपाय फाकवत, पाणी दोन्ही हातांनी बाजूला सारत जायचं पोहणं. विहिरीवरची जुनी माणसं बरीचशी असंच पोहतात. हा प्रकार हळू, पण नीट जमला तर माणूस त्यात फार वेळ टिकतो.

दुसऱ्याच वर्षी, १९५२ मध्ये, ती हेलसिंकी ऑलिम्पिकला गेली. भारताच्या पथकात चार महिला होत्या. डॉली नाझीर त्यांत होती आणि आरती त्या सगळ्या पथकात वयानं लहान, बारा वर्षंही पूर्ण नव्हती. याच पथकात आपल्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते, ज्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, हे आपल्याकडे घराघरात सांगितलं जातं. खेळाडूनं घाम गाळायचा आणि पैशासाठी गावानं झोळी फिरवायची, असा तो काळ होता. सात वर्षांनी आरतीवरही तीच वेळ येणार होती.

ऑलिम्पिकमध्ये तिनं २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोक ३ मिनिटं ४०.८ सेकंदांत पूर्ण केला. पदकाच्या जवळपासही ही वेळ नव्हती आणि प्राथमिक फेरीतच काम संपलं. परत आल्यावर १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये तिला सख्ख्या धाकट्या बहिणीनं, भारतीनं, हरवलं. मग आरतीनं बाकीचे प्रकार सोडले आणि ब्रेस्ट स्ट्रोकवरच जोर दिला. छोट्या अंतरात आपल्यापेक्षा वेगवान माणसं आहेत, हे तिला कळून चुकलं असणार. गंगेत लांब पल्ल्याच्या शर्यती होत, त्यात ती उतरायची. शंभर मीटरवाला पोहणारा आणि दहा तास पोहणारा, हे दोन वेगळे प्राणी असतात. आरती दुसऱ्या जातीची निघाली.

सीमेपलीकडून आलेलं नाव

इंग्लिश खाडी म्हणजे फ्रान्स आणि इंग्लंडच्या मधलं समुद्राचं पाणी. सर्वांत अरुंद जागी सरळ रेषेत साधारण ३४ किमी. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रजानं ती पहिल्यांदा पोहून पार केली, त्याला २१ तास ४५ मिनिटं लागली होती. १९२६ मध्ये अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली ही पहिली महिला ठरली. त्यानंतर जगभरातले पट्टीचे पोहणारे तिथं नशीब अजमावायला जाऊ लागले. इंग्लंडमध्ये बिली बटलिन नावाचे एक उद्योजक होते, सुट्टीतली पर्यटन शिबिरं चालवायचे. त्यांनी खाडी ओलांडण्याची शर्यतच सुरू केली.

१९५८ च्या शर्यतीत ब्रोजेन दास पुरुषांमध्ये पहिले आले. ते त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानचे, आजच्या बांगलादेशचे, पण बंगालीच. आपल्या उपखंडातला खाडी पार करणारा हा पहिला माणूस. त्या शर्यतीत सर्वांत पुढे मात्र पुरुष नव्हता. मूळची डेन्मार्कची ग्रेटा अँडरसन ११ तास १ मिनिटात पोहोचली आणि बायकांतच नाही, पुरुषांतही पहिली आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिहीर सेन यांनी १४ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली आणि ते पहिले भारतीय ठरले.

ही बातमी कोलकात्यात पोहोचली तेव्हा आरती अठरा वर्षांची होती. तिनं खाडीचं मनावर घेतलं. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी आयोजकांकडे तिचं नाव सुचवलं ते ब्रोजेन दास यांनी. फाळणी होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दोन देशांच्या मधे एवढं रक्त सांडलेलं असताना पाकिस्तानच्या पोहणाऱ्यानं भारतातल्या मुलीचं नाव पुढे करणं, ही गोष्ट पुस्तकातल्या त्या एका ओळीत यायला हवी होती. मिहीर सेन यांनीही तिला धीर दिला.

पैशाचं काय?

नाव लागलं, पण जायचं कसं? विमानभाडं, इंग्लंडात राहणं-खाणं, पोहताना शेजारून चालणारी होडी, वाट दाखवणारा जाणता नावाडी, सगळ्याला पैसा. हटखोला क्लबचे सहायक कार्यकारी सचिव डॉ. अरुण गुप्ता यांनी हे काम अंगावर घेतलं. जागोजागी आरतीच्या पोहण्याची प्रात्यक्षिकं ठेवली, त्यातून पैसे गोळा केले. जामिनीनाथ दास, गौर मुखर्जी, परिमल साहा यांच्यासारखी माणसं प्रवासाच्या खटपटीला लागली. तरी रक्कम कमीच पडली. शेवटी शंभूनाथ मुखर्जी आणि अजय घोषाल यांनी हा विषय थेट मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यापर्यंत नेला. त्यांनी ११ हजार रुपयांची मदत मंजूर केली. सोनं तेव्हा तोळ्याला शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास होतं, यावरून या रकमेचा अंदाज येईल. पंतप्रधान नेहरूंनीही या मोहिमेत लक्ष घातलं होतं.

सरकारचा पैसा आणि लोकांनी दिलेली वर्गणी. आपल्या खिशातले पैसे बुडाले तर माणूस गप्प बसतो. दुसऱ्यांनी विश्वासानं दिलेल्या पैशाचं ओझं वेगळं असतं. एकोणीस वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलीच्या पाठीवर ते ओझं ठेवून तिला समुद्रात सोडायचं होतं. आणि काळ कसला, तर १९५९. पोहण्याच्या पोशाखात मुलगी पाण्यात उतरली तर आजही गावात कुजबुज होते, तेव्हा तर बोलायलाच नको.

देशबंधू पार्कातलं तळं

पैशाची धावपळ सुरू असताना आरतीनं सरावाचे तास वाढवत नेले. हा सराव लोकांसमोर तपासला गेला तो १३ एप्रिल १९५९ रोजी. उत्तर कोलकात्यातल्या देशबंधू पार्कच्या तळ्यात ती उतरली आणि सलग आठ तास पोहत राहिली. काठावर नावाजलेले पोहणारे होते आणि हजारो माणसं जमली होती.

आठ तास एका तळ्यात पोहणं म्हणजे काय, हे ज्यानं विहिरीत अर्धा तास काढलाय त्यालाच कळेल. पाणी साचलेलं, ओढ नाही, लाट नाही. हात थांबला की माणूस पुढे जात नाही. नदी निदान थोडं वाहून नेते, तळं एक वीतही फुकट देत नाही. या काठावरून त्या काठावर, तिथून परत या काठावर. बघायला नवं काही नसतं. तासाभरानंतर खांदे भरून येतात, मग मानेला पाणी घासून कातडं सोलायला लागतं, बोटं पांढरी पडून सुरकुततात. पण लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो तो कंटाळा. आपण हे का करतोय, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या तासाला डोक्यात येतो आणि मग जात नाही. कोलकात्याचा एप्रिल म्हणजे वर ऊनही असतंच.

आठ तासांवर ती थांबली नाही. पुढच्या खेपेला सलग सोळा तास पोहली. सोळा तास म्हणजे पहाटे तांबडं फुटायच्या आधी पाण्यात उतरलेला माणूस रात्री जेवणवेळ टळल्यावर बाहेर येणार. शेवटचे ७० मीटर तर तिनं जोरात मारले, जणू शंभर मीटरची शर्यत चाललीय, आणि बाहेर आली तेव्हा दमल्याची खूण जवळपास दिसत नव्हती.

हा सोळाचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता तळ्यानं काय दिलं आणि काय दिलं नाही, ते बघू. दम दिला. एका लयीत तासन्‌तास हात मारायची सवय दिली. पोटात अन्न कमी असताना अंग कसं वागतं, झोप कशी येते, ती कशी मोडायची, हेही तळं शिकवतं. दोन गोष्टी मात्र ते देऊ शकत नव्हतं. पहिली थंडी. कोलकात्याचं तळं उन्हाळ्यात कोमट. इंग्लिश खाडीचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत ऊबदार दिवसांत, साधारण १५ ते १८ अंश. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दारं धरताना विहिरीच्या मोटारीचं पाणी हाताला कोमट लागतं, कारण ते २० अंशांच्या वर असतं. म्हणजे खाडीचं उन्हाळी पाणी आपल्या विहिरीच्या हिवाळी पाण्यापेक्षाही गार. त्यात चौदा-सोळा तास काढायचे. पोहणारे अंगाला चरबीसारखं जाड मलम फासतात, पण त्यानं कातडं सोलायचं वाचतं, थंडी फारशी अडत नाही. थंडीची सवय थंडीतच करावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटीची ओढ. खाडीत दर सहा तासांच्या आसपास पाणी दिशा बदलतं, आणि ओढ एवढी जबर असते की पोहणारा सरळ जाऊच शकत नाही. आधी एका बाजूला वाहतो, मग दुसऱ्या. त्याची वाट नागमोडी होते आणि ३४ किमीचं अंतर बघता बघता दुपटीला जातं. म्हणून तिथं नावाडी महत्त्वाचा. कोणत्या घटकेला पाण्यात उतरायचं आणि कुठं तोंड करायचं, हे तो ठरवतो. पोहणाऱ्यानं होडीला हात लावायचा नाही, लावला की बाद. खाणंपिणंही होडीतून पुढे केलेलं, पाण्यातच घ्यायचं.

चाळीस मिनिटं

२४ जुलै १९५९ ला आरती इंग्लंडला निघाली. बरोबर व्यवस्थापक म्हणून डॉ. अरुण गुप्ता. खाडीतला शेवटच्या टप्प्याचा सराव १३ ऑगस्टला सुरू झाला. तिथं डॉ. बिमल चंद्र यांचं मार्गदर्शन मिळालं. तेही त्याच शर्यतीत उतरणार होते आणि इटलीतल्या नेपल्सची एक स्पर्धा आटोपून आले होते. शर्यत २७ ऑगस्टला होती. म्हणजे खाडीच्या त्या गार, खाऱ्या, ओढीच्या पाण्यात हात बसवायला दोन आठवडे मिळाले. कोमट तळ्यातून आलेल्या शरीरासाठी हे दिवस कमीच होते.

शर्यतीत २३ देशांचे ५८ जण होते, त्यात पाच महिला. फ्रान्सच्या केप ग्री-ने इथून सुटायचं आणि इंग्लंडच्या सँडगेटला लागायचं. वेळ रात्री एकची. सगळे किनाऱ्यावर तयार, आणि आरतीला वाट दाखवणारी होडी आलीच नाही. बाकीचे पाण्यात गेले. होडी आली आणि ती उतरली तेव्हा चाळीस मिनिटं उलटून गेली होती.

चाळीस मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्याच्या शेताला रात्रीची आठ तासांची लाईट असते त्याला विचारा. मोटार उशिरा सुरू केली म्हणून लाईट उशिरा जात नाही, ती तिच्या वेळेला जाते आणि शेवटचे वाफे कोरडे राहतात. समुद्राच्या ओढीचंही तसंच. अनुकूल पाणी ज्या घटकेला सुरू होतं आणि ज्या घटकेला फिरतं, ते कुणासाठी थांबत नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला ती इंग्लंडच्या किनाऱ्यापासून पाच मैलांवर होती. म्हणजे आठेक किलोमीटर. नऊ तासांहून जास्त पोहून झालेलं होतं आणि काम होत आलं होतं. तिथं पाणी फिरलं. समोरून ओढ सुरू झाली. अकरापासून दुपारी चारपर्यंत, पाच तासांत, ती जेमतेम दोन मैल सरकली. हात चालूच होते, पण किनारा जवळ येत नव्हता. तिची थांबायची तयारी नव्हती. नावाड्याचा हिशेब वेगळा होता, त्यानं बाहेर यायला लावलं. त्याच्या दबावापुढे तिचं काही चाललं नाही. खाडीत नावाड्याचा शब्द शेवटचा असतो, कारण गारठलेल्या पोहणाऱ्याला आपण बुडायला आलोय हे पुष्कळदा स्वतःला कळत नाही. त्या नावाड्याला दोष देणंही बरोबर नाही.

किनारा साधारण तीन मैल राहिला होता.

सप्टेंबर

शर्यत संपली. आलेले लोक आपापल्या देशी निघाले. आरतीनंही सामान बांधलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. उशीर तिच्यामुळे झाला नव्हता. पण ती थांबली आणि सराव पुन्हा सुरू केला. त्यात डॉ. गुप्ता आजारी पडले. सगळी धावपळ ज्या माणसावर होती तोच अंथरुणाला खिळला. परक्या देशात, पैसा मोजका, बरोबरीचे पोहणारे गेलेले. तरी तिनं पाणी सोडलं नाही.

एका बाजूनं बघितलं तर या महिन्यानं तिचं भलंच केलं, असं म्हणावं लागतं. ऑगस्टमध्ये खाडीच्या पाण्याचे दोन आठवडे तिच्या गाठीला होते, सप्टेंबरअखेर ते जवळपास सात आठवडे झाले. जी गोष्ट देशबंधू पार्कचं तळं देऊ शकत नव्हतं, ती या महिन्यात अंगात भिनली. चौदा तासांचा तो अपुरा प्रयत्नही सरावातच धरला पाहिजे. तेवढा लांब आणि तेवढा खरा सराव पैसे देऊन मिळाला नसता.

२९ सप्टेंबर १९५९. एकोणिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. पुन्हा केप ग्री-ने, पुन्हा तेच पाणी. या वेळी शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं, आजूबाजूला कुणी पोहणारं नव्हतं. एक होडी आणि ती. सप्टेंबरच्या शेवटी तिकडे दिवस बारा तासांहून किंचित लहान झालेला असतो, त्यामुळे त्या पोहण्यातले चार तास तरी अंधारातले होते. लाटा मोठ्या होत्या. ती १६ तास २० मिनिटं पोहली. ओढीमुळे वळण घेत घेत झालेलं अंतर ४२ मैल नोंदलं गेलं, म्हणजे सुमारे ६७ किमी. सँडगेटच्या किनाऱ्यावर पाय टेकले आणि तिनं तिथं तिरंगा फडकवला.

सोळा तास वीस मिनिटं. कोलकात्याच्या तळ्यात झाले होते सोळा. वरच्या वीस मिनिटांचा आणि त्या सगळ्या गारठ्याचा, लाटांचा, ओढीचा सराव खाडीनं स्वतः करून घेतला. पण मुळातले सोळा तास घरून नेलेले होते.

सर्वांत आधी अभिनंदन केलं ते विजयालक्ष्मी पंडित यांनी. त्या तेव्हा इंग्लंडमध्ये भारताच्या उच्चायुक्त होत्या, पुढे आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. नेहरूंचाही संदेश आला. ३० सप्टेंबरला आकाशवाणीवरून बातमी देशभर गेली.

नंतरचं आयुष्य

१९६० मध्ये आरती साहा यांना पद्मश्री मिळाली. खेळासाठी पद्मश्री मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. डॉ. अरुण गुप्ता, ज्यांनी पैशासाठी दारं झिजवली, त्यांच्याशीच त्यांचं लग्न झालं. त्यात मुख्यमंत्री डॉ. रॉय यांनीच वडीलधाऱ्यासारखा पुढाकार घेतला होता. आधी कोर्टात नोंदणी झाली, मग रीतसर समारंभ. सासर तारक चटर्जी लेनमध्ये, आजीच्या घरापासून जवळच. म्हणजे फ्रान्सहून इंग्लंडला पोहत गेलेली ही बाई राहायला शेवटपर्यंत आपल्या जुन्या मोहल्ल्यातच राहिली. एक मुलगी झाली. रेल्वेत नोकरी केली. लोक त्यांना पुढे आरती गुप्ता या नावानंही ओळखत.

त्या मोठ्या प्रसिद्धीच्या मागे लागल्या नाहीत. आजच्यासारखी जाहिरातींची आणि करारांची सोयही तेव्हा नव्हती. मोठ्या खेळाडूच्या हातात शेवटी सरकारी खात्यातली एक नोकरी एवढंच पडायचं, आणि तीही मिळाली तर नशीब म्हणायचं. खाशाबा पोलीस खात्यात राहिले, आरती रेल्वेत.

४ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांना कावीळ आणि मेंदूज्वर झाल्यानं कोलकात्यातल्या एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. एकोणीस दिवस झुंज चालली. २३ ऑगस्टला त्या गेल्या. वय ५३.

दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांच्या घराजवळ त्यांचा अर्धपुतळा बसवला आणि समोरच्या शंभर मीटरच्या गल्लीला त्यांचं नाव दिलं. पुढे टपाल खात्यानं तीन रुपयांचं तिकीट काढलं. २४ सप्टेंबर २०२० ला त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी गुगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी मोबाईलवर त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.